चव्वेचाळीस

मोडीत द्यायचं म्हणून माळ्यावरचं घंगाळ काढायला
बाबा स्टुलावर चढले,
आणि दोघंही खाली आले. घंगाळ आधी.
त्याला पोचा पडला, बाबांना टेंगूळ.
बर्फ लावला. चहा प्यायले. म्हणाले,
तांबटाचं डोकं आहे, ठोकूनच घडवलेलं.
आम्ही हसलो.
संध्याकाळी ताटातच उलटी झाली
आणि मला त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली.

शालिमार, सीबीएस, त्र्यंबक नाका,
रिक्षावाल्याने एकही सिग्नल पाळला नाही.

रात्री अकराला सिव्हिलच्या पडद्यावर
हिरवी रेघ, शेजारी आकडा: चौऱ्याहत्तर.
मला मोजायची सवय जुनी.
दुकानाच्या ओट्यावर पाय हलवत
मी त्यांच्या हातोडीचे ठोके मोजायचे,
एका हंड्याला किती. हजाराच्या पुढे
माझं चुकायचं, त्यांचं नाही.
घाईचा ठोका पत्रा फाडतो, म्हणायचे.
संथ मार. संथ.

म्हणून एकसष्ट झालं तेव्हा मला बरं वाटलं.
बावन्नला निर्मलाआत्या म्हणाली,
बघ, कसा शांत झोपलाय आता,
आणि पदराच्या गाठीतलं कपालेश्वराचं भस्म
बँडेजच्या कडेला टेकवलं.
मीही वाकून पाहिलं.
कपाळावरची कायमची आठी
कुणीतरी हात फिरवून पुसल्यासारखी.

सत्तेचाळीस.
आत्याने पोथी मिटली.
मी चपला काढून पाय वर घेतले.

चव्वेचाळीस.

सिस्टर गावित सलाईन बदलायला आल्या
आणि सलाईन त्यांच्या हातातच राहिलं.
आकडा पाहिला. प्रेशर पाहिलं, दोनशेला टेकलेलं.
अंगठ्याने एक पापणी उचलली, बॅटरी मारली.
मग दुसरी.
एक बाहुली मोहरीएवढी, एक वाटाण्याएवढी.
कधीपासून असे झोपलेत?
मी म्हटलं, मघापासून. छान झोपलेत.
त्या काही बोलल्या नाहीत,
व्हरांड्यात फक्त त्यांचे पाय ऐकू आले, पळणारे.

डॉक्टर पोरगेलेसे, गालावर उशीची घडी.
केसपेपरच्या मागे एक गोल काढला, आत रेघ मारली:
इथे रक्त साचतंय. मेंदूला जागा उरत नाहीये.
मेंदू दबला की हृदय असं सावकाश होतं.
ही झोप नाहीये, ताई.
सही इथे करा.

दार बंद झाल्यावर बाकावर बसून
मी देवाकडे एकच मागितलं,
यांना अस्वस्थ कर.
आयुष्यभर उलटं मागत आले होते.

उजाडताना आवारातल्या पिंपळात
तांबट बोलायला लागला. पक्षी.
टुक टुक टुक, कुठे दिसत नव्हता,
आमच्याच आडनावाचा.
आतून कुणी येईना, म्हणून घड्याळ लावून त्यालाच मोजलं.
मिनिटाला शंभराच्या वर,
नुसता घाईचा, पत्रा फाडणारा.
फाड, म्हटलं. फाड बाबा.

आता डोक्यावर घोड्याच्या नालेसारखी खूण आहे,
तिथले केस अजून ठरवतायत कुठे वळायचं ते.
घंगाळ मोडीत गेलं नाही. ओट्यावर आहे.
पोचा काढायला दहा मिनिटं लागतात, म्हणतात,
हातोडी उचलतात,
बोटं कुठे असायची ते आठवत बसतात, खाली ठेवतात.

दुपारी जेवून आडवे होतात.
घोरणं थांबलं की मी खरकटा हात पदराला पुसून
त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवते,
ओठ न हलवता मोजते.
डोळे मिटलेलेच असतात.
कधीकधी तिसाच्या आसपास म्हणतात,
चुकलीस.
पुन्हा घे.